कंपवात : पुनर्वसनाची सूत्रे आपण केव्हा ठरविणार?

कंपवाताचा रुग्ण आयुर्वेद चिकित्सालयाची पायरी सहसा उशिराच चढतो. निदान होऊन काही वर्षे लोटलेली असतात, लिव्होडोपाच्या गोळीचा प्रभाव पूर्वीइतका वेळ टिकेनासा झालेला असतो आणि घरातील मंडळी शेवटची आशा म्हणून पंचकर्माची चौकशी करू लागतात. आपणही रुग्णाला यथाशास्त्र तपासतो, १४ किंवा २१ दिवसांचा क्रम आखतो. अभ्यंग, स्वेद, बस्ति, शिरोधारा यांनी अंगाचा ताठरपणा काहीसा सैल होतो, झोप सुधारते, मलप्रवृत्ति साफ होते आणि रुग्ण समाधानाने घरी जातो. खरा प्रश्न बाविसाव्या दिवशी उभा राहतो. त्या दिवसापासून त्याने रोज किती चालावे, खुर्चीतून कसे उठावे, दाराच्या चौकटीत पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले तर काय करावे, घास घशात अडकू लागल्यास कोणास दाखवावे, या प्रश्नांची उत्तरे आपल्या रुग्णपत्रिकेत क्वचितच लिहिलेली आढळतात. काढ्याची मात्रा आणि अनुपान मात्र तेथे नेमके नोंदविलेले असते.

ही उणीव कोणा एका वैद्याची नाही. कंपवाताच्या रुग्णाच्या पुनर्वसनाविषयी आपल्या व्यवसायाने एकत्र बसून मार्गदर्शक सूत्रे ठरविलेली नाहीत, म्हणून ती निर्माण झाली आहे. अशी सूत्रे ठरविण्याची वेळ आता आली आहे, किंबहुना ती टळून चालली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागील कारणे आणि एक कच्चा आराखडा सभासदांच्या विचारार्थ येथे मांडीत आहोत.

व्याधीचे स्वरूप आणि आपली जबाबदारी

लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी त्यास पार्किन्सन यांचे नाव दिले. चरकाचार्यांनी वाताच्या ८० नानात्मज विकारांत वेपथूची गणना केली आहे. कंपवात ही संज्ञा बसवराजीयम् या ग्रंथात येते. तथापि कंप हे एक लक्षण झाले. रुग्णाला खऱ्या अर्थाने परावलंबी करतात ती हालचालींची मंदता, ताठरपणा, तोल जाणे आणि गतीचा अवरोध ही लक्षणे. कित्येक रुग्णांत मलावरोध, गंधज्ञानाचा नाश आणि झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कंपाच्या अनेक वर्षे आधी दिसू लागतात. कोष्ठगत वाताचा विचार प्रथम करणाऱ्या वैद्यास या क्रमाचे फारसे आश्चर्य वाटू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या व्याधीने ग्रस्त होते. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा क्षय थांबविणारे सिद्ध औषध आजही कोणत्याच वैद्यकशास्त्राजवळ नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हा याप्य व्याधि आहे. याप्य शब्दाचा अर्थ आपण पुष्कळदा ‘असाध्याच्या अलीकडचा’ एवढाच घेतो आणि पुढे जातो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात याप्य रुग्णास पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेला टेकू जसा त्या घरास धरून ठेवतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णास धरून ठेवते, असा तिचा आशय आहे. टेकू तीन आठवडे लावून काढून घेतला तर घराचे काय होईल, हे सांगण्यास गवंडी लागत नाही. कंपवातात पडण्याची शब्दशः भीती असते. मांडीच्या हाडाचा खुबा मोडला की वृद्ध रुग्ण अंथरुणास खिळतो आणि पुष्कळदा पुन्हा उठत नाही. याप्य चिकित्सेचा टेकू रोजचा हवा, घरात हवा आणि मापात बसविलेला हवा. पुनर्वसन म्हणतात ते हेच.

इतरत्र काय घडले

नेदरलँड्समधील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २००४ साली पार्किन्सनच्या रुग्णांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी तेथे पार्किन्सननेट ही व्यवस्था सुरू झाली. या व्याधीचे विशेष प्रशिक्षण घेतलेले उपचारक प्रत्येक विभागात मोजकेच ठेवावयाचे आणि रुग्ण त्यांच्याकडेच पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. अशा प्रशिक्षित उपचारकांकडे गेलेल्या रुग्णांत व्याधीचे उपद्रव कमी झाले आणि खर्चही कमी आला, असे तेथील विमा-नोंदींवर आधारलेल्या २०१८ सालच्या अभ्यासात दिसून आले. २०१४ साली संपूर्ण युरोपसाठी, तर २०२२ साली अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांसाठी अशीच तत्त्वे तयार झाली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७ सालच्या तत्त्वांत व्याधीच्या आरंभीच फिजिओथेरपीचा विचार करावा असे सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पुनर्वसनविषयक संचातही या व्याधीचा समावेश आहे.

या तत्त्वांमागील प्रयोग आपण मुळातून समजून घ्यावयास हवेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ रुग्णांपैकी ज्यांनी २४ आठवडे ताई-ची या चिनी व्यायामप्रकाराचा अभ्यास केला त्यांचा तोल अधिक सुधारला. २०१८ साली १२८ नवनिदान रुग्णांवरील अभ्यासात आठवड्यातून ४ दिवस जोमदार गतीने यंत्रपट्ट्यावर चालणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत नेहमीची काळजी घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. २०१९ साली नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांवर घरच्या घरी स्थिर सायकलचा प्रयोग झाला, त्याचाही निष्कर्ष अनुकूल आला. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवरील अभ्यासात योगाभ्यासाने चिंता आणि विषण्णता कमी झाल्याचे दिसले.

प्रतिकूल निष्कर्षही तितकेच बोधप्रद आहेत. ब्रिटनमध्ये ७६२ रुग्णांवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात रुग्णांना फिजिओथेरपी आणि दैनंदिन कृतींचे प्रशिक्षण मिळाले, परंतु बहुतेकांच्या वाट्याला आठ आठवड्यांत जेमतेम चार-पाच भेटी आल्या. लाभ दिसला नाही. त्याआधी २००७ साली १५३ रुग्णांवरील अभ्यासात तालाच्या संकेतावर चालण्याचा सराव तीन आठवडे घरी करवून घेतला. चाल सुधारली, पण सराव थांबताच लाभ ओसरू लागला. या दोहोंतून आम्ही एकच बोध घेतो. अल्प मात्रेचा आणि अल्प काळाचा उपक्रम या व्याधीत टिकत नाही. मात्रा आणि काल यांचा विचार ज्या शास्त्राने पदोपदी सांगितला त्याच्या अनुयायांना हे नव्याने सांगावे लागू नये. २१ दिवसांच्या पंचकर्मासही हाच निकष लावावयास हवा, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा मात्र आपल्याजवळ हवा.

शास्त्रातील आक्षेप आणि शास्त्रातील उत्तर

येथे आपल्यातीलच काही ज्येष्ठ एक गंभीर आक्षेप घेतील. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत वात-पित्ताच्या रोग्यास, बालकास, वृद्धास आणि अजीर्ण झालेल्यास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. कंपवाताचा रुग्ण वातव्याधीने पीडित असतो, बहुधा वृद्धही असतो. मग त्यास व्यायाम सांगणे अशास्त्रीय नव्हे काय?

हा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. प्रथम, तेथे निषेध आहे तो बलवानाने अर्धशक्तीपर्यंत करावयाच्या श्रमजनक व्यायामाचा. चरकाचार्य व्यायामाची व्याख्या करताना शरीराची जी इष्ट चेष्टा स्थैर्य देते आणि बल वाढविते ती मात्रेने करावी असे सांगतात. स्थैर्य आणि बल ही दोन्ही या रुग्णाने गमावलेली असतात. दुसरे, सुश्रुताचार्यांनी चंक्रमणाचा विचार व्यायामाहून वेगळा केला आहे. देहास फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा आणि अग्नि वाढविते, इंद्रियांना जागृति देते, असे त्यांचे मत आहे. तिसरे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, चरकाचार्यांनी ऊरुस्तंभात रुग्णास प्रवाहाविरुद्ध पोहावयास आणि वाळूच्या उंचवट्यावर चालावयास लावण्याचा उपक्रम सांगितला आहे. पाय उचलेनासा झालेल्या रुग्णास हालचाल हीच चिकित्सा म्हणून देण्याचे हे स्पष्ट उदाहरण होय. ऊरुस्तंभ आणि कंपवात हे एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण जेथे आम आणि कफ यांनी वाताचा मार्ग अडविला आहे तेथे केवळ स्नेहन करीत राहणे अपायकारक ठरते, हा त्या अध्यायातील इशारा आपल्याला लागू आहे. कंपवातात धातुक्षय आणि आवरण हे दोन्ही घटक असू शकतात. कोणता प्रबळ हे न पाहता प्रत्येकास तोच तैलक्रम देणे ही शास्त्रनिष्ठा नव्हे.

तेव्हा व्यायाम द्यावा की नाही हा वाद मिटावा आणि कोणास किती द्यावा यावर चर्चा व्हावी. नवनिदान, साठीच्या आतील, हृदय सुदृढ असलेला रुग्ण जोमदार चालू शकतो. पंचाहत्तरीच्या, वारंवार पडणाऱ्या रुग्णास खुर्चीचा आधार घेऊन उठबस पुरते. तोंडाने श्वास घ्यावा लागणे हे अर्धशक्तीचे शास्त्रोक्त लक्षण आजही उत्तम मापक आहे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने तेथे थांबावे. पहिल्यास त्यापुढे जाऊ द्यावयाचे असेल तर हृदयतपासणीनंतर आणि देखरेखीखालीच.

पंचकर्माचे स्थान आणि त्यातील धोके

पंचकर्माचे महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतू नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १८ रुग्णांच्या एका भारतीय अभ्यासात १३ जणांना आधी शोधन आणि नंतर शमन, तर ५ जणांना केवळ शमन दिले गेले. शोधनपूर्वक चिकित्सा घेतलेल्या गटात अधिक लाभ दिसला. अभ्यास लहान होता, त्यावर मोठी इमारत उभारता येणार नाही. परंतु शोधनानंतर औषधाचा गुण वाढतो या आपल्या सिद्धांताकडे तो बोट दाखवितो. मृदु अभ्यंगाने आणि बस्तीने अंग सैल झाल्यावर त्याच दिवशी चालण्याचा सराव घेतला तर दोहोंचा मेळ उत्तम बसेल, असे आम्हांस वाटते. आज मात्र अभ्यंगानंतर रुग्णास पांघरूण घालून निजविले जाते आणि मोकळ्या झालेल्या सांध्यांचा उपयोग करून घ्यावयाचा राहून जातो.

धोक्यांविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. कंपवातात उभे राहताच रक्तदाब उतरणे ही नित्याची बाब आहे. दीर्घ शिरोधारेनंतर अथवा सर्वांग स्वेदनानंतर रुग्णास एकदम उठविले तर तो भोवळ येऊन पडू शकतो. तेलाने माखलेली पावले आणि गुळगुळीत फरशी हा तर अपघाताचा खुला निरोप आहे. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णास वमन देणे म्हणजे श्वसनमार्गात द्रव जाण्याचा धोका ओढवून घेणे होय. विरेचनाने द्रवक्षय होऊन रक्तदाब आणखी घसरतो. मोठ्या मात्रेतील स्नेहपानाने जठर उशिरा रिकामे होते आणि लिव्होडोपाच्या गोळीचा परिणाम उशिरा किंवा अपुरा होतो. शोधनकाळात रुग्ण अचानक ताठला तर तो वातप्रकोप समजण्यापूर्वी गोळीच्या वेळेची आणि शोषणाची चौकशी करावी.

गोळी, कपिकच्छू आणि सर्पगंधा

कपिकच्छूच्या बीजांतून लिव्होडोपा वेगळे केल्याचे संशोधन भारतात १९३७ साली झाले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १९६७ साली, जॉर्ज कोट्झियस यांनी मोठ्या मात्रेतील डोपाचा रुग्णांवरील गुण दाखवून दिला. याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्त आहे. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर आणि २०१७ साली १८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत कपिकच्छूचूर्णाचा परिणाम गोळीच्या तोडीचा दिसला. मात्र २०१८ सालच्या १६ आठवड्यांच्या अभ्यासात १४ पैकी ७ रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे चूर्ण सोडले. हीदेखील आपलीच माहिती आहे आणि ती रुग्णास सांगितली पाहिजे.

यातून व्यवहारात उतरणारी गोष्ट अशी की, कपिकच्छू हे या रुग्णांत केवळ बल्य-वृष्य द्रव्य राहत नाही, ते लिव्होडोपाच असते. गोळी चालू असताना त्याची भर घातली तर अंग अनैच्छिक वळणे, मळमळ, रक्तदाब उतरणे, भास होणे हे सारे संभवते. दुधासह दिल्यास दुधातील प्रथिने त्याच्या शोषणात आड येतात. रुग्णाच्या मेंदुविकारतज्ज्ञास कळविल्याविना ते सुरू करू नये. तसेच लिव्होडोपा एकाएकी बंद करण्याचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. तीव्र ज्वर, कमालीचा ताठरपणा आणि बेशुद्धी असा प्राणघातक प्रकार त्यातून उद्भवू शकतो. ‘आधी इंग्रजी गोळ्या सोडा, मग आमचे औषध’ असे वाक्य आपल्या व्यवसायात अद्याप कोठे उच्चारले जात असेल तर ते कायमचे बंद व्हावे.

सर्पगंधेचा उल्लेख येथे अगत्याने करावयास हवा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबातील तिचा उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातील रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेले ससे डोपा देऊन पुन्हा हालते केले आणि पुढे त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजेच निद्रेसाठी किंवा रक्तदाबासाठी सहज दिली जाणारी सर्पगंधायुक्त वटी या रुग्णात व्याधि वाढवू शकते, क्वचित नव्याने निर्माणही करू शकते. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेवरील सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही आधुनिक औषधेही असाच उपद्रव करतात. नव्या रुग्णाची सर्व औषधे पिशवीसह मागवून पाहणे हे निदानाचे पहिले अंग मानावे.

सूत्रांचा कच्चा आराखडा

संघटनेने ठरवावयाच्या सूत्रांत पुढील मुद्दे असावेत असे आम्ही सुचवितो.

१. मापन. पहिल्या भेटीत आणि दर तीन महिन्यांनी चार गोष्टी नोंदवाव्यात. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत येऊन बसण्यास लागणारे सेकंद. हाताचा आधार न घेता पाच वेळा उठबस करण्यास लागणारे सेकंद. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा पडणे झाले. आणि निजलेल्या व उभे राहून तीन मिनिटांनंतरच्या स्थितीतील रक्तदाब. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरत असल्यास स्वेदन आणि विरेचनाचा पुनर्विचार करावा. या मापनास घड्याळ, खुर्ची आणि रक्तदाबमापक एवढेच लागते.

२. काल. सराव गोळीचा प्रभाव उत्तम असताना घ्यावा. रुग्णाकडून दोन-तीन दिवसांची वेळापत्रक-नोंद मागवावी आणि अभ्यंगादि उपक्रमांची वेळ तिच्याशी जुळवावी.

३. चंक्रमण. चालणे नित्याचे असावे. लांब पाऊल, टाच आधी, हात झुलते, नजर समोर. सशक्त रुग्णाने सर्व व्यायाम मिळून आठवड्यास १५० मिनिटांचे लक्ष्य क्रमाने गाठावे.

४. संकेत. अडखळणाऱ्या पावलास बाहेरचा ताल चालना देतो. टाळी, मोजणी, घड्याळाचा ठोका, फरशीवर समान अंतरावर आखलेल्या आडव्या रेघा यांचा उपयोग करावा. पाऊल खिळल्यास रुग्णास हाताने पुढे ओढू नये. त्याने थांबावे, श्वास घ्यावा, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा आणि मग मोठे पाऊल टाकावे.

५. कृतींची फोड. उठणे, कुशीवर वळणे, वळसा घेणे या कृती लहान टप्प्यांत शिकवाव्यात. उठताना खुर्चीच्या कडेला सरकणे, पावले मागे घेणे, पुढे झुकणे, मग उभे राहणे. जागच्या जागी गर्रकन वळू नये, मोठा वळसा घ्यावा. तोल कमी असल्यास चालताना हाती पाण्याचा तांब्या किंवा कानाला मोबाइल नसावा.

६. वाणी आणि गिळणे. आवाज बारीक होणे आणि जेवताना ठसका लागणे ही लक्षणे विचारून काढावीत. आवाजासाठी आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, एकूण १६ सत्रांची विशेष पद्धति वाचोपचारतज्ज्ञांजवळ आहे. तिच्या जोडीला मोठ्या आवाजात स्तोत्रपठण वा भजन सुचविण्यास हरकत नाही, मात्र ते तिचा पर्याय नव्हे. ठसका लागत असल्यास घृतपान किंवा पातळ काढा देण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

७. हस्तकर्म. गुंडी लावणे, डब्याचे झाकण उघडणे, ओळींच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिणे यांचा सराव रोज असावा.

८. कोष्ठ आणि आहार. मलावरोधाची चिकित्सा आरंभापासून करावी, येथे आपले शास्त्र समर्थ आहे. गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवावे. गोळीचा प्रभाव कमीजास्त होणाऱ्या रुग्णाने डाळी, दूध, मांस यांचा मुख्य वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा, परंतु एकूण प्रथिने घटवू नयेत. मांसक्षय होत असलेल्या रुग्णास दीर्घ लंघन अपथ्यच होय.

९. गृहरचना. न्हाणीघरात आधाराची दांडी, शौचालयात उंच बैठक, रात्रीचा दिवा, सुट्या सतरंज्यांची बंदी. घर पाहिल्याविना किंवा निदान त्याविषयी विचारल्याविना सल्ला पूर्ण मानू नये.

१०. सहकार्य. प्रत्येक रुग्णाच्या पत्रिकेत मेंदुविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची नावे असावीत आणि आपल्या चिकित्सेचा लेखी सारांश त्यांना जावा.

उपस्थाता आणि अर्थकारण

चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, द्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने चरकाचार्यांनी उपस्थात्यास स्थान दिले. उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे त्याचे गुण सांगितले. कंपवातात हा पाद बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी सांभाळते आणि रात्रीतून तीन-चारदा उठून रुग्णाची कूस बदलते. तिच्याजवळ अनुराग असतो, परंतु पहिल्या गुणाचे, म्हणजे उपचारज्ञानाचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते. ते देण्याचे काम वैद्याचे आहे. अर्ध्या तासाच्या एका बैठकीत उठविणे, वळविणे आणि खिळलेले पाऊल सोडविणे शिकविता येते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट आणि मुंबईत कार्यालय असलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांनी हे काम रुग्ण आणि कुटुंबीय यांना एकत्र आणून दाखविले आहे. आपल्या सभासदांनी रुग्णांना तेथे पाठवावे आणि स्वतःही जाऊन बसावे.

एक अप्रिय मुद्दा राहतो. पंचकर्माच्या क्रमास शुल्क आकारता येते. खुर्चीतून उठणे शिकविण्यास आपल्याकडे दरपत्रक नाही. जे विकता येते तेच चिकित्सा म्हणून वाढते आणि जे रुग्णाने घरी फुकट करावयाचे ते सल्ल्याच्या शेवटच्या ओळीत जाते, हा दोष साऱ्या वैद्यकांत आहे. आपण त्यास अपवाद नाही. एकदा निवृत्तिवेतनातील मोठी रक्कम २१ दिवसांच्या क्रमावर खर्च झाली की त्या कुटुंबाजवळ पुढच्या वर्षभराच्या फिजिओथेरपीसाठी काही उरत नाही, हे ध्यानात घेऊन क्रम आखला पाहिजे. पुनर्वसनाच्या मार्गदर्शनाचे स्वतंत्र आणि माफक शुल्क ठेवण्यात गैर काही नाही. ते लपविण्यापेक्षा उघडपणे आकारणे अधिक चांगले.

परकीयांची तत्त्वे आपण का स्वीकारावीत, असे कोणी विचारील. तालावर चालणे किंवा आधाराने उठणे कोणत्याही देशाच्या मालकीचे नाही. जे परीक्षेस उतरले ते घ्यावे, आपले जे आहे तेही परीक्षेस उतरवावे. बस्तिक्रमानंतर उठबशीचे सेकंद किती कमी झाले आणि तीन महिन्यांनी ते किती राहिले, हे १०० रुग्णांत आपण नोंदविले तर बोलण्यास आधार मिळेल. आजवर अनुभवांच्या कथनावर समाधान मानण्याची सवय आपल्याला लागली आहे, तिचा त्याग करावा लागेल.

आमची विनंती मर्यादित आहे. संघटनेच्या आगामी वार्षिक सभेत पाच सभासदांची एक समिती नेमावी, तिच्यात एक फिजिओथेरपिस्ट आणि एक मेंदुविकारतज्ज्ञ निमंत्रित असावेत. तिने सहा महिन्यांत मराठीत आठ पृष्ठांची सूत्रे आणि एक पानाची नोंदपत्रिका तयार करून या त्रैमासिकात प्रसिद्ध करावी. तोवर सभासदांना एवढेच सांगावेसे वाटते की, पुढचा कंपवाताचा रुग्ण समोर बसेल तेव्हा नाडीपरीक्षेनंतर त्यास खुर्चीतून उठून तीन मीटर चालावयास सांगावे आणि घड्याळ पाहावे. ज्यांनी अशा नोंदी आधीपासून ठेवल्या असतील त्यांनी त्या संपादक मंडळाकडे अवश्य पाठवाव्यात.